आईच्या खोलीसाठी विजेचा हीटर, गॅस, लाकूड की हीट पंप?

गारठलेली_खोली

घर जुनं आहे. भिंती विटांच्या, वर थेट स्लॅब, खिडक्यांना एकेरी काच. हिवाळा लांबतो. आई 78 वर्षांची आहे, तिला संधिवात आहे आणि दिवसातला बराच वेळ ती स्वतःच्या खोलीतच असते. खोली साधारण 12 बाय 11 फूट. तिथे तेल भरलेला विजेचा रेडिएटर आहे आणि बिल बघून धडकी भरते. म्हणून यंदा बैठकीच्या खोलीतला सिलिंडरवरचा गॅस हीटर संध्याकाळी तिच्या खोलीत नेतो. त्याला धुराडं नाही. खोली लवकर तापते, पण सकाळी काचांवरून पाणी ओघळत असतं आणि आई डोकं जड झाल्याची तक्रार करते.

आता घरात तीन मतं आहेत. भावाला लाकडाची शेगडी बसवायची आहे, कारण आवारातल्या झाडांची छाटणी फुकट मिळते. एका विक्रेत्याने हीट पंप सुचवला, म्हणे एक युनिट विजेत चार युनिट उष्णता. भाऊ म्हणतो हे शक्यच नाही, एकाचे चार कुठून होणार? शेजारी इन्फ्रारेड हीटर घ्या म्हणतात, त्याला निम्मी वीज लागते म्हणे. विजेने घर तापवणं खरंच सगळ्यात महाग असतं का? हिशेब कसा मांडायचा तेच कळत नाहीये.

साधा_वापरकर्ता

विजेचा हीटरच ठेवा. धूर नाही, राख नाही, सिलिंडर उचलायचा त्रास नाही. आमच्याकडे इन्फ्रारेड आहे, अंगाला लगेच ऊब मिळते.

जुना_मेकॅनिक

ताई, हिशेब नंतर करू. तो गॅस हीटर आजपासून आईंच्या खोलीत लावू नका.

धुराडं नसलेल्या हीटरमधून जळलेलं सगळं खोलीतच राहतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, तेच तुमच्या काचांवरून ओघळतंय. पाणी दिसतं तरी. हवा कमी पडून ज्योत नीट जळेनाशी झाली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. आईंचं डोकं त्यानेच दुखतंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही. डॉक्टरांना मात्र हीटरबद्दल आवर्जून सांगा. घरात काहीही जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आता हिशेब. मी आयुष्यभर बॉयलर आणि एसीची कामं केली. लोक सिलिंडरची किंमत विजेच्या बिलाशेजारी ठेवून तुलना करतात, त्यातून काही कळत नाही. खोलीत पोचलेल्या एका युनिट उष्णतेला किती पैसे पडले, तेवढंच मोजायचं. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, तुमच्या बिलावरचंच.

सिलिंडरचा एक किलो गॅस जळून साधारण 12.8 युनिट उष्णता देतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू घनमीटरला सुमारे 10, रॉकेल लिटरला जवळपास तेवढंच, नीट वाळलेलं लाकूड किलोला 4. यातलं खोलीत किती राहतं ते उपकरणावर ठरतं. धुराडं असलेल्या चांगल्या गॅस हीटरमध्ये 80 ते 90 टक्के, बंद दाराच्या लाकडी शेगडीत 70 ते 80. भिंतीतल्या उघड्या आगीचे जेमतेम 10-15 टक्के, बाकी सगळं चिमणीतून वर. म्हणजे सिलिंडरच्या भावाला किलोने भागा, मग 12.8 ने, मग 0.85 ने. जो आकडा येईल तो विजेच्या दराशेजारी ठेवा.

विजेचा साधा हीटर कुठलाही घ्या, तेलाचा, पंख्याचा, क्वार्ट्‌झचा की इन्फ्रारेड, एका युनिटची एकच युनिट उष्णता होते. निम्म्या विजेत तेवढीच खोली तापवणारा हीटर नसतो. इन्फ्रारेड समोर बसलेल्या माणसाला थेट तापवतो, हवा गार असली तरी चालतं, म्हणून तो कमी वेळ लावून भागतं. एका खुर्चीत बसणाऱ्याला ते पुरतं, खोलीभर वावरणाऱ्याला पुरत नाही.

हीट पंपाबद्दल भावाची शंका रास्त आहे, पण विक्रेताही खोटं बोलत नाहीये. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या गार हवेतली उचलून आत आणतो. तुमचा फ्रिज हेच करतो, म्हणून त्याची मागची बाजू गरम लागते. वीज खर्च होते ती या हमालीवर. ही कल्पना केल्व्हिन या शास्त्रज्ञाने 1852 मध्येच मांडली होती. फक्त त्या ‘चार’ची अट विचारा. तो आकडा बहुधा बाहेर 7 अंश आणि आत 20 अंश असतानाचा असतो. बाहेर शून्याखाली गेलं की तो तीनच्या खाली, कडाक्यात दोनच्या आसपास येतो. दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो, तो वितळवायला मशीन मधूनमधून उलटं चालतं, त्यातही वीज जाते. म्हणून हंगामाची सरासरी तीन धरा. विजेचं युनिट गॅसच्या तुम्ही काढलेल्या आकड्याच्या तिपटीपेक्षा स्वस्त असेल, तर हीट पंप गॅसला हरवतो. उष्णता-थंडी दोन्ही देणारा इन्व्हर्टर एसी हाही हीट पंपच. एका खोलीला तोच घ्या.

आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी डोक्यावरच्या स्लॅबकडे बघा. तुमची खोली साधारण 12 चौरस मीटरची. उघडा काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या एका अंश फरकामागे, ढोबळ 3 वॅट सोडतो. फरक 15 अंशांचा असेल तर 540 वॅट नुसते छतातून चालले, रात्रभर. त्यावर 50 मिलिमीटर चांगला फोम घातला तर हाच आकडा शंभरच्या खाली येतो. दीड चौरस मीटरच्या एकेरी काचेतून जेमतेम सव्वाशे वॅट जातात, पण लोक आधी खिडक्या बदलतात, कारण गार हवा तिथून जाणवते. फटींना रबरी पट्टी लावा, तेवढं पुरे. पैसा छतावर घाला.

ओलं_सरपण

लाकडाबद्दल लिहितो, आम्ही त्यावरच राहतो. छाटणी फुकट मिळते, पण ती वाळवायला निदान एक पूर्ण उन्हाळा आणि पावसापासून आडोसा लागतो. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाणीच असतं. ते जाळलं तर किलोमागे जेमतेम दोन युनिट मिळतात आणि धुरातलं डांबर चिमणीत चिकटतं, पुढे तेच पेटतं. शिवाय 78 वर्षांच्या बाईंनी पहाटे उठून ओंडके घालायचे का? माझ्या मते शेगडी बैठकीच्या खोलीत, धुराड्यासकट. आईंच्या खोलीत नको.

गारठलेली_खोली

काका, हीटर कालच खोलीतून हलवला, डॉक्टरांची वेळही घेतली. छताचं मनावर घेतलंय. दोन शंका राहिल्या. छताचं काम होईपर्यंत आईचं काय? आणि भाऊ म्हणतो, वीज शेवटी कोळशावरच होते, मग आपण स्वच्छ कसे?

जुना_मेकॅनिक

तोवर तेलाचा रेडिएटर चालू द्या आणि अंथरुणात विजेचं ब्लँकेट घाला. ते शंभर वॅटच्या आसपास घेतं, रेडिएटर दीड-दोन हजार. संधिवाताला अंगाजवळची ऊबच जास्त उपयोगी पडते. हातापायाला बधिरपणा असेल तर मात्र ब्लँकेटबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. रेडिएटर एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर, तेही तासन्‌तास, त्याने बोर्ड वितळतात. भिंतीतला 16 अँपिअरचा सॉकेट वापरा.

भावाचा मुद्दा साध्या हीटरला लागू पडतो. कोळशाच्या केंद्रात जळलेल्या उष्णतेतली बहुधा 40 टक्क्यांहून कमीच वीज होते, पुष्कळदा तिसरा हिस्साच, म्हणून ती वीज पुन्हा तारेत जाळून ऊब करणं मला पटत नाही. हीट पंप बाहेरून आणलेल्या उष्णतेने ही तूट भरून काढतो. आणि उद्या तुमच्या तारेत पवनचक्कीची वीज आली, तर तेच मशीन आणखी स्वच्छ होतं. गॅसचा हीटर गॅसच जाळत राहणार.

वीज वारंवार जात असेल तर बैठकीतली शेगडी आधाराला हवीच, कारण हीट पंपही वीज गेली की बंद. आणि बाहेरचं युनिट आईंच्या खिडकीखाली लावू देऊ नका. रात्री त्याची घरघर होते, आणि बर्फ वितळून खाली पाणी गळतं, ते पायवाटेवर येता कामा नये.