वॉरहॅमर फँटसी पुन्हा सुरू करायचंय, जुने आणि नवे खेळाडू एका टेबलावर कसे आणायचे?

ट्रेंटकाठचा

नमस्कार मंडळी. इथे मिनिएचर वॉरगेम खेळणारे फार नसतील पण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून सरळ विचारतोच.

मी नॉटिंगहॅमला असतो, म्हणजे गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे त्याच गावात. आमच्या एरियातल्या चर्च हॉलमध्ये दर गुरुवारी गेमिंग क्लब भरतो, बहुतेक टेबलांवर ४०के (वॉरहॅमर ४०,०००, याच कंपनीचा भविष्यकाळातला गेम) नाहीतर पत्त्यांचे गेम चालू असतात. पण चारपाच जुने खेळाडू आहेत, पन्नाशी गाठलेले, त्यांच्याकडे वॉरहॅमर फँटसीच्या अख्ख्या आर्म्या माळ्यावर खोक्यात पडून आहेत, आणि दुसरीकडे टोटल वॉर वॉरहॅमर हा व्हिडिओगेम खेळून आलेली पोरं आहेत ज्यांना स्केव्हन (उंदीरमाणसं) कोण, ब्रेटोनिया कुठे, कार्ल फ्रान्झ कोण हे सगळं तोंडपाठ आहे पण त्यांनी कधी ट्रेवर रेजिमेंट, म्हणजे रांगेत उभे केलेले पुतळे, ठेवून सरकवलेली नाही. या दोघांना एकत्र आणायचंय.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा गेम १९८३ मध्ये आला, आठवी आवृत्ती २०१० ची, मग एंड टाइम्सच्या कथेत ते सगळं जगच संपवलं आणि जुलै २०१५ मध्ये त्याच्या जागी एज ऑफ सिग्मार आला, गोल बेसवाला (बेस म्हणजे पुतळ्याच्या पायाखालची चकती), रांगा बिंगा काही नाही. चौकोनी बेसवर रंगवलेल्या आर्म्या होत्या त्या लोकांनी जे खोकं बंद केलं ते केलंच. २०१९ मध्ये त्याच जुन्या जगावरचा ओल्ड वर्ल्ड हा नवा गेम येणार अशी घोषणा झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो खरंच दुकानात आला, ब्रेटोनिया आणि टूम्ब किंग्ज या दोन आर्म्यांपासून सुरुवात करून. चौकोनी बेस, रांगा, बगलेवरचा हल्ला, सगळं परत.

आता अडचण. जुने म्हणतात आमच्या बेस २० मिलिमीटरच्या आहेत, नव्या नियमात त्याच सैनिकांना २५ हव्यात, आम्ही दीडशे पुतळे उखडून परत चिकटवणार नाही. नवे म्हणतात दोन हजार पॉइंटची (प्रत्येक सैनिकाला ठरलेले पॉइंट असतात, त्यांची बेरीज) आर्मी घ्यायला आणि रंगवायला वर्ष जाईल तोवर करायचं काय. मध्यंतरी एक गेम लावून बघितला, एका बाजूला एक जुना खेळाडू पूर्ण दोन हजार घेऊन आणि समोर दोन नवी पोरं उसन्या सैन्यावर, तर हॉल बंद करायची वेळ झाली तरी तिसरा टर्न संपला नव्हता आणि पोरं निम्मा वेळ नुसती उभी होती. पुढच्या गुरुवारी ती परत ४०के च्या टेबलावर. मला हे असं जाऊ द्यायचं नाहीये, हा गेम मला मनापासून आवडतो आणि आत्ता जमलं नाही तर ती खोकी कायमची माळ्यावर राहतील.

तर कोणते नियम घ्यावेत, किती पॉइंटपासून सुरू करावं, बेसचं काय करावं, आणि ज्यांच्या आर्म्या ओल्ड वर्ल्डमध्ये नीट सामावलेल्या नाहीत त्यांचं काय? आमच्यात एकाची स्केव्हन आर्मी आहे, जीव आहे त्याचा तिच्यावर.

---

सहावी_आवृत्ती

धागा बघून बरं वाटलं. माझं मत सरळ आहे, नवीन काही घेऊ नका, सहावी आवृत्ती खेळा. २००० सालची. तुमच्या जुन्या मंडळींकडे पुस्तकं असणारच, सगळ्या आर्म्यांना नियम आहेत, स्केव्हनपासून लिझर्डमेनपर्यंत कुणी वाऱ्यावर नाही, बेस उखडायची भानगडच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती आता बदलणार नाही, सहा महिन्यांनी दुरुस्तीपत्रक येऊन तुमचा आवडता सरदार निकामी होणार नाही.

आणि तो खेळ डोळ्याचा होता हो. आधी टेप लावून मोजायची परवानगी नव्हती. पायदळाची चाल ४ इंच म्हणजे चार्ज (शत्रूवर धावून जाणं) ८ इंच, बस, फासे नाहीत. समोरचं युनिट ८ इंचात आहे की साडेआठ हे नजरेने ठरवायचं आणि जाहीर करायचं, चुकलं तर अर्ध्यात उघड्यावर उभं. त्या एका निर्णयात सगळा गेम असायचा. आठव्या आवृत्तीत चालीत दोन फासे मिळवायला लागले आणि ४ इंचवालं पायदळ कधी ६ तर कधी १६ इंच धावायला लागलं, तिथे माझं मन उडालं.

---

रंगारीण

मी नव्यांच्या बाजूने बोलते कारण मी तिथूनच आलेय. लीड्सला असते, व्हिडिओगेममधून ब्रेटोनियाच्या प्रेमात पडले आणि ओल्ड वर्ल्ड आल्यावर क्लब शोधला.

सहावी_आवृत्ती दादा, तुमचं सगळं मान्य, पण नव्या माणसाला तुम्ही सांगणार की नियमाचं पुस्तक जुन्या बाजारात शोध, मिळालं तर घे, नाहीतर आमच्या ग्रूपवरची स्कॅन वाच. त्याला दुकानात जाऊन एक खोकं उचलता आलं पाहिजे, घरी बसून जोडता आलं पाहिजे, दुसऱ्या गावच्या क्लबात गेला तरी तेच नियम भेटले पाहिजेत. नवीन माणूस हवा असेल तर चालू गेम घ्या.

शिवाय ओल्ड वर्ल्ड तुम्ही समजता तितका आठव्या आवृत्तीसारखा नाहीये. चार्जला दोन फासे टाकायचे पण त्यातला मोठा तेवढाच चालीत मिळवायचा. म्हणजे ४ इंचवालं पायदळ ५ ते १० इंचात, सरासरी साडेआठच्या आसपास, जवळपास तुमचे जुने ८ इंचच झाले ते. आधी मोजता येतं हे खरं, पण त्यामुळे नवा खेळाडू भांडत नाही.

आणि एक नियम तर मला जुन्यापेक्षा चांगला वाटतो. समजा माझ्या युनिटचं लीडरशिप (धीराचा आकडा, दोन फाशांची बेरीज त्याच्या आत यावी लागते) ७ आहे आणि आम्ही लढाई ३ ने हरलो. फासे टाकले, ५ आले. जुन्या पद्धतीत ५ अधिक ३ म्हणजे ८, ७ च्या वर गेलं, युनिट पळालं, पाठलागात कापलं गेलं, संपलं. वीस सैनिक रंगवायला महिना लागलेला असतो आणि ते दुसऱ्या टर्नला परत डब्यात. ओल्ड वर्ल्डमध्ये बघतात की नुसते फासे किती आले. ५ हे ७ च्या आतच आहे म्हणून युनिट फुटत नाही, शिस्तीत मागे हटतं. नुसत्या फाशांवरच ७ च्या वर गेलं तरच पळापळ. आणि हरलेला आकडा मिळवूनही ७ च्या आत राहिलं तर फक्त थोडं मागे रेटलं जातं. यामुळे लढाईची रेषा पुढेमागे हलत राहते आणि नवा खेळाडू शेवटपर्यंत गेममध्ये असतो. पोरं टिकवायची तर हे फार महत्त्वाचं आहे.

पॉइंटचं म्हणाल तर ५०० ने सुरू करा. एक सरदार, दोन पायदळाची युनिटं, एक घोडदळ. जादूगार पहिल्या गेममध्ये नको, तोफ पण नको. ४ फूट बाय ४ फूट टेबल पुरतं आणि दोन तासांत निकाल लागतो.

---

पर्वतीचा_मावळा

रंगारीण +१, फक्त बेसबद्दल लिहितो कारण सगळे तिथेच अडतात आणि ते सगळ्यात सोपं आहे.

बेस उखडायची अजिबात गरज नाही. हिशोब बघा, २० च्या बेसचे पाच सैनिक एका रांगेत म्हणजे १०० मिलिमीटर रुंदी. २५ च्या हिशोबाने तीच रांग १२५ व्हायला हवी. चार रांगा खोल असेल तर ८० ऐवजी १००. मग १२५ बाय १०० चा ट्रे करायचा आणि त्यात सैनिकांमध्ये ५-५ मिलिमीटरची फट ठेवायची. गेममध्ये मोजलं जातं ते बाहेरचं माप, आतला सैनिक किती मिलिमीटरवर उभा आहे याने कुणाचं बिघडत नाही. तिकडे इंग्लंडात असे खाचा पाडलेले एमडीएफचे ट्रे तयार मिळतात, थ्रीडी प्रिंटर असेल तर घरीच. आम्ही इथे पुण्यात माउंटबोर्डवर पट्ट्या चिकटवून करतो, वर वाळू आणि फेव्हिकॉल, रंग मारला की कुणाला कळत पण नाही. घोडदळाला २५ बाय ५० चं ३० बाय ६० झालंय, तिथेही तेच. एकटा फिरणारा सरदार किंवा राक्षस असेल त्याच्या बेसखाली फक्त मोठ्या मापाचा तुकडा लावायचा, ब्लूटॅकने, म्हणजे उद्या काढता येतो.

आमच्याकडे दुकानं कमी, बाहेरून मागवलं की कस्टम ड्यूटी, त्यामुळे आम्ही किंग्ज ऑफ वॉर खेळतो, मँटिक या दुसऱ्या कंपनीचा. त्यात सैनिक एकेक करून उचलायचेच नाहीत, अख्खं युनिट एकच ठोकळा, नुकसानाची नोंद बाजूला फाशावर ठेवायची. ज्याने लिहिला तो अलेस्सिओ कावातोरे वॉरहॅमरच्या सातव्या आवृत्तीवालाच, त्यामुळे जुन्या माणसाला परकं वाटत नाही, आणि कुठल्याही कंपनीचे पुतळे चालतात. तुमच्या स्केव्हनवाल्याला तिथे उंदरांची आर्मी तयार मिळेल. पण तुम्ही नॉटिंगहॅमला आहात, खोकी बसथांब्याइतक्या अंतरावर मिळतात, तर ओल्ड वर्ल्डच घ्या, ते रंगारीण म्हणतायत ते बरोबर आहे.

---

ट्रेंटकाठचा

वा, एवढ्या लवकर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ट्रेचा हिशोब आजच क्लबच्या ग्रूपवर टाकतो, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे स्केव्हन, ओल्ड वर्ल्डमध्येच त्याला खेळवायचं तर कसं. दुसरं, जुन्यांच्या खोक्यांत भरपूर धातूचे पुतळे आहेत, जाड इनॅमलचे थर चढलेले, ते साफ करून नव्या पोरांना रंगवायला द्यावेत असं एकाने स्वतःहून सुचवलंय. कसे साफ करतात, चालेल का ते?

---

रंगारीण

स्केव्हनचं असं आहे की ओल्ड वर्ल्ड आला तेव्हा सात आर्म्यांची यादी फुकट पीडीएफमध्ये दिली होती: स्केव्हन, लिझर्डमेन, डार्क एल्व्हज, व्हँपायर काउंट्स, डेमन्स, ओगर्स आणि केऑस ड्वार्फ्स. कंपनीने तेव्हाच सांगितलं की यांना पुढे काही नवीन देणार नाही आणि कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांत त्या चालणार नाहीत. पण तुमचा क्लब म्हणजे कंपनीची स्पर्धा नाही! पीडीएफ डाउनलोड करा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा की आपल्याकडे सगळ्या आर्म्या चालतात. हे तोंडाने स्पष्ट सांगणं गरजेचं आहे, नाहीतर तो माणूस दर वेळी आपली आर्मी आणायला परवानगी मागितल्यासारखं करेल आणि हळूहळू यायचा बंद होईल. ज्याच्याकडे वीस वर्षं सांभाळलेली आर्मी आहे त्याच्याइतका गेमवर जीव असलेला माणूस तुम्हाला दुसरा मिळणार नाहीये.

---

सहावी_आवृत्ती

पुतळ्यांचं मी सांगतो. तपकिरी डेटॉल घ्या, आपला नेहमीचाच, पाणी न घालता. झाकणाच्या बरणीत पुतळे एक दिवस बुडवून ठेवायचे, मग हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, लगेच नळाखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट डांबरासारखा होऊन परत पुतळ्याला बसतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच विसळा, रंग गेला की मग भांड्याचा साबण आणि पाणी. इनॅमलचे थर फार जाड असले तर दुसऱ्यांदा बुडवायला लागेल. हे सगळं खिडकी उघडून.

आणि नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळापर्यंतचे पुतळे असतील तर त्यात शिसं असतं. रंगवायला, खेळायला हरकत नाही, पण फाइल मारू नका, धूळ उडते, आणि हाताळून झालं की हात धुवा. लहान मुलांच्या हातात ते देऊ नका, त्यांना प्लॅस्टिकचे द्या. जुन्या बाजारात २००६ चं स्कल पासचं खोकं बघा, ड्वार्फ आणि गॉब्लिन, खूप खपलं होतं त्यामुळे सुटे पुतळे सहज मिळतात, ५०० पॉइंटला मस्त.

नियमांचं म्हणाल तर रंगारीणचं चार्जचं गणित मी कागदावर करून बघितलं, मोठा फासा धरला तर सरासरी खरंच साडेचार येते. एवढं जवळ असेल असं वाटलं नव्हतं. नव्यांसाठी ओल्ड वर्ल्ड लावा, मला हरकत नाही. फक्त महिन्यातला एखादा गुरुवार जुन्यांना सहाव्या आवृत्तीसाठी मोकळा ठेवा, आणि नव्या पोरांना त्या टेबलाशेजारी उभं राहून बघू द्या.

---

ट्रेंटकाठचा

ठरलं मग. सहा पोरं आणि पाच जुने आहेत, तर प्रत्येक जुना माणूस आपल्या खोक्यातून ५०० पॉइंट काढून एका पोराला देईल आणि स्वतः खेळणार नाही, त्या पोराच्या शेजारी बसून सांगेल. म्हणजे पोरगा विरुद्ध पोरगा. सहाव्याला माझी एम्पायर आर्मी देतो. स्केव्हनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला माझे उंदीर कोण खेळवणार ते मी आधी बघणार, मग त्याने स्वतःच तीन पोरांना शनिवारी घरी बोलावलंय.

पर्वतीचा_मावळा, १० च्या फ्रंटेजचं (पुढच्या रांगेत १० सैनिक) गॉब्लिन युनिट आहे एकाचं, जुन्या २० च्या बेसवर, दोन रांगा. त्याला २५० बाय ५० चा एकच ट्रे करू की १२५ चे दोन करून जोडू?

---

पर्वतीचा_मावळा

दोन करा, खालून चुंबकपट्टी लावून. २५० चा एकच केलात तर माउंटबोर्ड मधे वाकतो, आणि सैनिक कमी झाले की रुंदी कमी करायला जमत नाही. धातूचे गॉब्लिन असतील तर खाली एमडीएफच घ्या, ३ मिलिमीटरचं.