पालिकेच्या टेकडीवर वाटांच्या घळी झाल्यात. पेव्हर आणि झाडांऐवजी काय सुचवावं?

उतार_पश्चिम
पुण्याच्या पश्चिमेची टेकडी. जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणातला, पालिकेच्या ताब्यात आलेला साधारण ३० हेक्टरचा तुकडा. माथा सपाट, पातळ मातीचा, गवताळ. उतारावर खैर, मेडशिंगी, थोडी सालई. मधल्या पट्ट्यात जुन्या लागवडीचा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, परदेशी झाड). वर जायच्या पाच वाटा, त्यातल्या तीन नाकासमोर सरळ चढतात आणि गुडघाभर खचल्या आहेत. रविवारी सकाळी ६ ते ९ खूप गर्दी असते. वॉर्डाचा प्रस्ताव असा: मुख्य वाटेला पेव्हर ब्लॉक आणि कर्ब, दोन्ही बाजूंना दिवे, माथ्यावर २,००० झाडं. आम्हाला पर्यायी आराखडा द्यायचा आहे. आकड्यांसकट सांगाल का?

मुरूमखडी
आधी पाण्याचं बघा. नाकासमोरची वाट हाच पाण्याचाही सर्वात जवळचा रस्ता असतो. पाय गवत मारतात, उघडी माती पाणी नेतं, वाट खोल होते. मग लोक कडेच्या गवतावरून चालतात आणि एका वाटेच्या तीन होतात. पेव्हरने हे थांबत नाही. कर्बमुळे पाणी वाटेवरच अडतं, खाली वेगाने उतरतं, जिथे कर्ब संपतो तिथे नवी घळ पाडतं आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉकखालची कच वाहून जाते.

पाचपैकी दोनच वाटा ठेवा आणि त्या आडव्या, वळणं घेत आखा. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा आणि सरासरीने १० मीटरला १ मीटरच्या वर जाऊ नये. आखणीला महागडं यंत्र लागत नाही, पाणलोटाच्या कामात वापरतात ती ए आकाराची चौकट आणि ओळंबा पुरतो. रुंदी दीड मीटर. दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा ७-८ सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जाईल. शिवाय दर १५-२० मीटरवर वाट थोडी उतरवून पुन्हा चढवायची आणि त्या खोलगटातून बाहेर जायला मीटरभर रुंद तोंड ठेवायचं. हे तोंड पावसाळ्यात महिन्यातून एकदा फावड्याने साफ केलं नाही तर गाळ बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आराखड्यात या साफसफाईची मजुरी वेगळी मांडा, कारण ठेकेदाराच्या निविदेत ती कधीच नसते.

जिथे चढ टाळताच येत नाही तिथे कातळाच्या पायऱ्या करा, उंची १५ ते १८ सेंटिमीटर, प्रत्येक दगडाचा मागचा भाग वरच्या दगडाखाली दाबलेला. उंची याहून जास्त झाली की लोक पायऱ्या सोडून कडेने जातात, म्हणून दोन्ही बाजूंना मोठे धोंडे अर्धे पुरा.

कुसळी
माथ्यावरची झाडं काहीही करून थांबवा, ही कळकळीची विनंती. ती जागा 'उजाड' नाही. पहिल्या पावसानंतर तिथे मुसळी, दीपकाडी ही कंदांची रोपं उगवतात, मग मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं. वीतभर मातीखाली कातळ आहे. तिथे खड्डे खणले की गवताचे ठोंब आणि कंद जातात आणि रोप उन्हाळ्यात टँकरवर जगवावं लागतं. झाडं लावायचीच असतील तर उताराच्या घळींत, खोल मातीत, तिथलीच जात.

गिरिपुष्प एकदम तोडू नका. नुसता कापला तर बुंध्यातून डझनभर फुटवे येतात, शिवाय एकदम ऊन आल्यावर खाली घाणेरी आणि रानमोडी ही परकी झुडपं माजतात. पट्ट्यापट्ट्याने विरळ करा, फुटवे पहिल्या वर्षी तीन-चारदा मोडा. घाणेरीला जमिनीखाली ३-५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडून झुडूप उलटं टाकायचं. वर कापली तर दुप्पट येते. फळ धरण्याआधी करा. पक्षी बसतात त्या झाडांखाली बिया पडत राहतात, तिथे पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटावीच लागतील.

आणि वणवा. गवत पूर्ण वाळायच्या आत, नोव्हेंबर-डिसेंबरात, वस्तीच्या आणि रस्त्याच्या बाजूने ४-५ मीटर रुंद जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) कापून गवत उचलून न्या. कापलेलं तिथेच टाकलं तर तीच वात होते.

उतार_पश्चिम
मनापासून आभार. दोन अडचणी. जुन्या वाटा बंद केल्या की लोक तारा तोडतात. आणि मोकळी सोडलेली कुत्री.

मुरूमखडी
तार नकोच. नवी वाट चालू झाल्याशिवाय जुनी बंद करू नका, हा क्रम चुकला की काही टिकत नाही. मग मे महिन्यात जुन्या वाटेची घट्ट झालेली माती टिकावाने १०-१५ सेंटिमीटर उकरा, घळीत दर काही मीटरवर दगडांचे आडवे बांध घाला, मारवेलीचं बी टाका आणि दोन्ही टोकांपासून नजर जाईल तिथवर बोरीच्या, बाभळीच्या फांद्या पसरा. समोर वाट दिसलीच नाही तर बहुतेक जण त्या बाजूला वळत नाहीत.

टिटवी_जोडी
सरसकट बंदी घातली तर पाळली जात नाही, जागा आणि काळ ठरवा. टिटवी मार्च ते ऑगस्ट उघड्या जमिनीवर अंडी घालते, बहुधा चार, आणि ती साधारण चार आठवडे उबवते. उन्हाळ्यात हे बसणं अंड्यांवर सावली धरण्यासाठीही असतं. कुत्र्याने जोडी उठवली आणि ती लांब राहिली तर अंडी उन्हानेच जातात. म्हणून माथ्यावर या सहा महिन्यांत साखळी सक्तीची, दोन मीटरपर्यंत. मोकळं सोडायला पायथ्याशी एक कुंपणाचा तुकडा द्या, नाहीतर विरोध होईल.

कोलोरॅडोतलं बोल्डर शहर १९६७ पासून विक्रीकराचा हिस्सा आपल्या मोकळ्या जमिनींसाठी राखतं. तिथे साखळीविना कुत्रं ठरावीक वाटांवरच नेता येतं आणि मालकाला आधी शहराकडून त्यासाठीचा टॅग घ्यावा लागतो.

दिवे फाटकापर्यंतच ठेवा, पिवळसर आणि खाली वळवलेले. रातवा हा रात्री उडणारा पक्षी माथ्यावर जमिनीवरच राहतो.

नोंदवही
कागदाचं सांगतो. गिरिपुष्प परका असला तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात आल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार पालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही (तिथल्या सजीवांची अधिकृत नोंद) करणं हे तिचं काम. माथ्यावरच्या गवतांची, कंदांची यादी फोटोंसह त्या समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. लागवडीचा प्रस्ताव पुन्हा आला तर 'पडीक जागा' या शब्दाला उत्तर म्हणून हीच पोच दाखवता येते.

सोबत गर्दीचा आकडा जोडा: दोन कामाचे दिवस, दोन रविवार, सकाळ-संध्याकाळ, दर १५ मिनिटांनी कोण कोणत्या वाटेने चढलं. प्रत्येक वाटेवर तीन ठिकाणी खुणेचा दगड रोवून जून आणि ऑक्टोबरमध्ये तिथून एकाच दिशेने फोटो काढा आणि फोटोत घळीला आडवी धरलेली मोजपट्टी दिसू द्या. जूनचे फोटो पहिल्या मोठ्या पावसाच्या आधीचेच हवेत.