महापौर मोठा की आयुक्त?

प्रश्न: मुंबईत आमच्या गल्लीत गटाराचं झाकण चोरीला गेलंय. कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीय, वर लाल फडकं. नगरसेवक म्हणतात, "आयुक्तांना पत्र दिलंय." मग महापौर कशाला असतात हो?

उत्तर: मानाला! २२७ नगरसेवक आपल्यातूनच महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. त्यांनी सभा चालवायची. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने कारभार आयुक्तांच्या हाती, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हा आयुक्तच प्रशासक झाले. मतदार बसले बघत.

दुसरं उत्तर: पण मोठी कंत्राटं मंजुरीला नगरसेवकांच्या स्थायी समितीकडेच जातात, बरं का. खरी चुरस तिथल्या खुर्चीसाठी.

प्रश्नकर्ता: आणि झाकण?

उत्तर: वॉर्ड ऑफिसात मेंटेनन्सच्या इंजिनियरला गाठा. फांदीचा फोटो न्या.