शब्दचर्चा : 'प्रीक्वेल'ला मराठीत काय म्हणायचं?

चुंबकप्रेमी :
'एक्स-मेन : फर्स्ट क्लास' (२०११), म्हणजे जन्मतः अचाट शक्ती लाभलेल्या माणसांच्या सिनेमामालिकेतला, आधीच्या सिनेमांच्याही मागचा काळ सांगणारा प्रीक्वेल, पुन्हा पाहिला, त्यावर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. 'पूर्वकथा' लिहिलं आणि खोडलं. पूर्वकथा म्हणजे आधी काय घडलं ते. मासिकातल्या क्रमशः कादंबरीच्या डोक्यावर चार ओळींत छापतात ती. मला हवाय असा शब्द, ज्यात काळ आधीचा पण लिहिणं नंतरचं, हे दोन्ही येईल. सिनेमातलं जे आवडलं आणि जे खुपलं, दोन्हीचं मूळ तिथेच आहे.

आवडलं ते असं. मालिकेतला २००० सालचा पहिला सिनेमा सुरू होतो १९४४च्या पोलंडमधल्या छळछावणीच्या फाटकाशी. आईबापांपासून तोडलेला मुलगा हात पुढे करतो आणि लोखंड वाकतं. 'फर्स्ट क्लास'चा दिग्दर्शक मॅथ्यू वॉनने तेच दृश्य परत उभं केलं आणि आत नेलं. आत एक माणूस मुलापुढे नाणं ठेवतो, तीन आकडे मोजतो, नाणं हललं नाही म्हणून त्याच्या आईला गोळी घालतो. ते नाणं शेवटी कुठून कसं जातं, ते पाहिलेल्यांना सांगायला नको. मोठा झालेला एरिक (मायकेल फासबेंडर) जिनिव्हात बँकवाल्याच्या दातातलं धातूचं भरण उपटतो, अर्जेंटिनाच्या बारमध्ये नाझींना गाठतो. तेवढ्यावरच अख्खा सिनेमा केला असता तरी मी तिकीट काढलं असतं. आणि त्याचा मित्र, मनं वाचणारा चार्ल्स (जेम्स मॅकॅव्हॉय) पुढे चाकाच्या खुर्चीत बसणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, तरी क्युबाच्या किनाऱ्यावर काळजात धस्स होतंच. गोळी झाडते सीआयएची मोयरा, एरिक ती नुसती उडवून लावतो, आणि लागते मित्राच्या पाठीत.

आता खुपलेलं. २०००च्या सिनेमात प्राध्यापक, म्हणजे म्हातारा चार्ल्स, स्वतः सांगतात की एरिक भेटला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. इथे भेट होते १९६२मध्ये, चार्ल्स ऑक्सफर्डमधून शिकून बाहेर पडल्यावर. अशा शक्तीची माणसं शोधणारं सेरेब्रो यंत्र बांधायला एरिकने मदत केली म्हणतात, इथे ते हँक या तरुण शास्त्रज्ञाचं. रूप बदलणारी मिस्टीक तर चार्ल्सच्या घरात बहिणीसारखी वाढलेली! मग पहिल्या सिनेमात तीच सेरेब्रोत विष कालवून त्याला बेशुद्ध पाडते तेव्हा दोघांच्या तोंडी जुन्या नात्याचा एक शब्द नाही, तो का? उत्तर साधं आहे, तेव्हा ते नातं कुणाला सुचलंच नव्हतं.

अनुस्वार :
'पूर्वरंग' आयता शब्द आहे की.

चुंबकप्रेमी :
छान दिसतो, पण क्रम सरळ आहे हो. कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान संपवून अकरा वर्षांनी पूर्वरंगाला उभे राहिलेले बुवा मी पाहिले नाहीत.

खवचट काकू :
'मागाहून सुचलेलं' म्हणा. बहुतेकांना चपखल बसेल.

जुनी पोथी :
माझं मत 'पूर्वपीठिका'ला. आज तो शब्द 'पार्श्वभूमी' एवढ्याच अर्थाने प्रबंधात सापडतो, पण त्याचा एक जुना वापर तुमच्या कामाचा आहे. संस्कृत लेखक दंडीचं 'दशकुमारचरित' आपल्यापर्यंत आलं ते सुरुवात आणि शेवट हरवून. मधली गोष्ट एकदम सुरू होते. मग नंतरच्या कुणीतरी आधीचा भाग रचून जोडला, त्याचं नाव पूर्वपीठिका. शेवटासाठी उत्तरपीठिका. आणि गंमत पुढे आहे. या पूर्वपीठिकेतले काही तपशील दंडीच्या मूळ मजकुराशी जुळत नाहीत, आणि ती दुसऱ्या हातची असल्याचा अभ्यासकांना त्यावरूनही सुगावा लागतो. म्हणजे काळ आधीचा, लेखन नंतरचं, वर जोड दिसतो. तुमची सगळी तक्रार शब्दातच आली.

चुंबकप्रेमी :
याला म्हणतात शब्द! अडचण एकच : 'या सिनेमाची पूर्वपीठिका' म्हटलं की वाचकाला वाटणार, निर्मितीमागची हकीकत सांगतोय. 'पूर्वपीठिकापट' केला तर जीभ अडखळते. तरी लेखात एकदा समजावून वापरणार आहे.

अनुस्वार :
मग 'रेटकॉन'ला काय? म्हणजे जुन्या गोष्टीतली विसंगती नव्या गोष्टीने झाकणं.

खवचट काकू :
सारवासारव. आणखी काय?

घाटावरचा :
काकूंना अनुमोदन. उदाहरण देतो. २००६च्या तिसऱ्या सिनेमात 'वीस वर्षांपूर्वी' म्हणून चार्ल्स आणि एरिक जीन ग्रे या अचाट शक्तीच्या लहान मुलीच्या घरी येतात, दोघेही चालत, मित्र म्हणून. फर्स्ट क्लासनुसार चार्ल्सचे पाय आणि ती मैत्री, दोन्ही १९६२लाच गेलेली. २०१४च्या सिनेमात सारवासारव झाली : हँकच्या औषधाने चार्ल्स चालू शकतो, पण मनं वाचायची शक्ती जाते. पायांचं निभावलं. मैत्रीचं राहिलंच.
विसंगतीचं मला एवढं वाईट वाटत नाही. मला राग आहे तो 'फर्स्ट क्लास'मध्ये चार्ल्स-एरिकने जमवलेल्या पोरांपैकी डार्विनचं जे केलं त्याचा. ज्याची शक्तीच मुळी कुठल्याही संकटात तगून राहण्याची, त्यालाच पोरांमधून सगळ्यात आधी मारलं, तोही त्या गटातला कृष्णवर्णीय मुलगा. ही काही पूर्वपीठिकेची अपरिहार्यता नव्हती. पुढच्या कुठल्याच सिनेमात तो नव्हता, म्हणून कुठेतरी संपवावाच लागेल, असा आळशी हिशेब दिसतो.

चुंबकप्रेमी :
शंभर टक्के. आणि प्रशिक्षणाचा भागही घाईत उरकलाय. एरिकचा सूड मनापासून लिहिलाय, बाकी पोरं पटावर हजेरीपुरती. म्हणून माझा अभिप्राय 'संमिश्र' लिहिणार होतो, पण तो शब्द निवडणूक निकालाच्या बातमीत जास्त शोभतो.

जुनी पोथी :
'उजवं-डावं' लिहा. 'एरिकचं उजवं, पोरांचं डावं.' वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अनुस्वार :
जाता जाता, त्याच पोरांमधल्या अ‍ॅलेक्स समर्सचं काय? कॉमिक्समध्ये तो पहिल्या सिनेमातल्या स्कॉटचा धाकटा भाऊ. इथे १९६२लाच जवान.

घाटावरचा :
२०१६च्या सिनेमात त्याला सरळ थोरला करून टाकलाय.

खवचट काकू :
ही सारवासारव नव्हे, घरच पाडून परत बांधलं.