आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल पत्ता ६८ वर दिसतंय पण चालत नाही, माऊस मात्र लगेच चालतो. असं का?

पॉलीहाऊसवाला
रास्पबेरी पाय ४ ला डीएस३२३१ (घड्याळाची चिप) लावलंय. पॉलीहाऊसमध्ये तापमान लॉग करतो, तिकडे नेट नाही आणि लाईट गेली की पायचं घड्याळ जिथे बंद पडलं तिथूनच पुढे चालू होतं, म्हणजे सगळ्या नोंदी दोन-दोन तास मागे. वायरिंग चारदा चेक केलं, आय२सी (मॉड्यूल जिच्यावर लावलंय ती दोन तारांची बस) चालू आहे, आय२सी-डिटेक्ट मारलं तर ६८ आणि ५७ दोन्ही पत्ते दिसतात, पण डेव्ह फोल्डरात (लिनक्स डिव्हाइस जिथे दाखवतं) आरटीसी० काही येत नाही. यूएसबी माऊस खुपसला की दोन सेकंदात चालतो, त्याला तर मी काहीच सांगितलं नव्हतं, मग ह्याचीच नाटकं का? ड्रायव्हर वेगळा टाकायचा असतो का?

तांब्याची_तार
ड्रायव्हर आहेच रे, आरटीसी-डीएस१३०७ नावाचा, तोच ३२३१ पण बघतो. त्याला कोणी हाक मारली नाहीये एवढंच. बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरात कॉन्फिग डॉट टीएक्सटी आहे, त्यात टाक:
डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१
(इंग्रजीत टाईप कर म्हणजे झालं 😄) आणि रीबूट.

रात्रपाळी
ओळ बरोबर आहे पण "का" राहिलंच. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) प्रत्येक बस (डिव्हाइस जोडायची लाईन) म्हणजे वधूवर सूचक मंडळ समज, एका यादीत डिव्हाइस, दुसरीत ड्रायव्हर, जोडी जमली की ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (डिव्हाइस सुरू करून देणारं) चालतं. माऊस स्वतःचा बायोडेटा घेऊन येतो, व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी, मी एचआयडी (माऊस-कीबोर्ड) क्लासचा वगैरे. पीसीआय कार्डाचं पण तसंच, कॉन्फिग स्पेसच्या पहिल्या ४ बाइटमध्येच व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी, स्लॉट रिकामा असेल तर सगळे एफ येतात. आय२सी वर हा प्रकारच नाही. ६८ नंबरच्या घरातून कोणीतरी "ओ" दिली, डिटेक्टला एवढंच कळतं. आणि एमपीयू६०५० जायरो (फिरणं मोजणारी चिप) पण ६८ वरच बसतो, मग कर्नलने अंदाजाने जायरोच्या रजिस्टरमध्ये वेळ लिहून टाकायची का? त्यामुळे तो गप्प बसतो. कुठल्या बसवर, कुठल्या नंबरला, कोणती चिप हे पायवर डिव्हाइस ट्री सांगतं, आणि ओव्हरले म्हणजे त्या झाडावर बांधलेलं कलम, फर्मवेअर ते कर्नल सुरू व्हायच्या आधीच बांधून देतं.

टचपॅड_त्रस्त
मग माझ्या लॅपटॉपचा टचपॅड पण आय२सी वरच आहे, मी कुठे काय टाकलं?

रात्रपाळी
तुझ्या वतीने लॅपटॉप बनवणाऱ्याने टाकलंय, बायोसच्या एसीपीआय टेबलात (मशीनमधल्या हार्डवेअरची यादी). पीएनपी०सी५० असा आयडी सापडेल बघ, म्हणजे आय२सी वरचं एचआयडी. एआरएमवाल्यांकडे (पाय, मोबाईलमध्ये असतात त्या चिप) पूर्वी असलं काही नव्हतं, प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाईल कर्नलमध्येच कोंबायचे, २०११ ला लिनस (लिनक्सचा जनक) त्यावरून जाम भडकला आणि मग सगळे डिव्हाइस ट्रीकडे वळले. कल्पना जुनीच, सन आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी मशीनमधल्या ओपन फर्मवेअरची.

पॉलीहाऊसवाला
झालं एकदाचं! आधी ओळ टाकून पण काही होईना, मग बघितलं तर मी ती सीएम४ च्या (पायच्या वेगळ्या मॉडेलच्या) सेक्शनखाली टाकली होती 🤦 एकदम शेवटी ऑलच्या (सगळ्या मॉडेलसाठीच्या सेक्शनच्या) खाली हलवली, आता डिटेक्टमध्ये ६८ च्या जागी यूयू दिसतंय आणि आरटीसी० पण आलं. ते ५७ वालं काय आहे पण?

तांब्याची_तार
यूयू म्हणजे ड्रायव्हरने ताबा घेतला. ५७ ला त्याच मॉड्यूलवरची ईईप्रॉम (छोटी मेमरी चिप) आहे, एटी२४सी३२, ४ केबी. तुला लागणार नाही, राहू दे.