मोटरहोमने डन्स्टनबरा किल्ला: आईला एवढं चालवेल का?

प्रश्न
जूनमध्ये मोटरहोम घेऊन इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याने फिरणार आहोत. नॉर्थम्बरलंडमधला डन्स्टनबरा बघायचाच आहे, पण किल्ल्यापर्यंत गाडीरस्ताच नाही म्हणे. सोबत आई आहे, ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. गाडी सात मीटरची आहे. कुठे लावावी?

उत्तर १
ताई, आईंना नक्की न्या. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. क्रॅस्टर गावापासून किल्ला साधारण दोन किलोमीटर. वाट समुद्राला लागून, गवतातून, जवळजवळ सपाट. चढ लागतो तो शेवटी. मेंढ्या वाटेतच चरत असतात. फाटकाच्या तारेला लोकर अडकली होती, सासूबाईंनी तिचा पुंजका चिमटीत धरून चोळला, तर बोटं मेणचट झाली. किल्ल्याइतकीच त्यांना ती लोकर आठवते.

मोठी गाडी गावात घालू नका. आम्ही ती कॅम्पसाइटवरच ठेवून बसने आलो. रात्री वाहनतळावर झोपायचा विचारही नको.

रस्ता नाही हे बरंच आहे, असं मला मनापासून वाटतं. लँकेस्टरचा अर्ल (मोठा सरदार) थॉमस याने १३१३ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. राजा दुसरा एडवर्ड त्याचा चुलतभाऊ, आणि दोघांत हाडवैर. ते जोडबुरुजांचं प्रचंड प्रवेशद्वार लांबून येणाऱ्याला दिसत राहावं असंच उभं आहे. चालताना ते हळूहळू अंगावर येतं. गाडीने थेट दाराशी उतरलो असतो तर हे कळलंच नसतं. १३२२ मध्ये बरोब्रिजच्या लढाईत थॉमस हरला आणि त्याचा शिरच्छेद झाला. दर थोड्या अंतरावर थांबा, आईंनाही दम खाता येईल.

उत्तर २
वरचं सगळं पटलं. फक्त प्रवेशद्वाराचा गोल जिना आईंना चढायला लावू नका. त्याऐवजी आत गवतावरून सावकाश लिलबर्न बुरुजाकडे जा. हवा स्वच्छ असेल तर एम्बलटनच्या वाळूच्या किनाऱ्यापलीकडे, उत्तरेला, बांबरा दिसतो. तो राजाचा किल्ला होता. जूनमध्ये कड्यावर किटीवेक पक्ष्यांची घरटी असतात, स्वतःचंच नाव घेऊन ओरडतात. कानटोपी घ्या, वारा फार असतो. नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थांचं सभासदत्व असेल तर कार्ड विसरू नका, दोन्ही चालतात.

प्रश्नकर्ती
दोघांचे खूप आभार. आता बसच्या मार्गावरची कॅम्पसाइट शोधतेय. जिना नाही, पण लिलबर्नपर्यंत जायचंच, असं आईने आत्ताच सांगून टाकलंय.