वरळीचं तारांगण आणि खरं आकाशदर्शन, दोन्ही याच सुट्टीत जमेल का?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी, डिसेंबर 2025 च्या नाताळच्या सुट्टीचं प्लॅनिंग चाललंय म्हणून विचारतेय. लेक तिसरीत आहे, शाळेत ग्रह-तारे शिकवले तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, जेवताना पण प्लुटोला का काढलं यावर चर्चा. तर तिला वरळीचं नेहरू तारांगण दाखवायचंय. सासूबाईसुद्धा येते म्हणाल्यात, त्यांच्यासाठी मराठी शो असेल तर बरं. धाकटा चार वर्षांचा, तो अंधारात किती वेळ गप्प बसेल देव जाणे.
शो झाल्यावर तिथेच दुर्बिणीतून तारे पण दाखवतात का? सायन्स सेंटर त्याच आवारात आहे ना, म्हणजे एका दिवसात दोन्ही होईल का? आणि लेकीचा हट्ट आहे की शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. ऑनलाइन तीन-चार हजारात टेलिस्कोप दिसतायत, 500 पट वगैरे लिहिलेले, एक घेऊन टाकू का? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

चिंचपोकळीचा
ताई, आधी एक गोंधळ मिटवतो कारण निम्मी मुंबई यात चुकते. नेहरू तारांगण आणि नेहरू सायन्स सेंटर या दोन वेगळ्या जागा आहेत. तारांगण अ‍ॅनी बेझंट रोडवर नेहरू सेंटरच्या आवारात, सायन्स सेंटर ई. मोझेस रोडवर. लांब नाहीत, टॅक्सीने पटकन होतं, पण रिक्षा तिथे नाहीत हे डोंबिवलीकरांनी लक्षात ठेवा :) दादरला उतरून पश्चिमेला चालत जा आणि मेट्रो 3 पकडा, सायन्स सेंटर नावाचंच स्टेशन आहे, ऑक्टोबरपासून चालू झालंय. सकाळी सायन्स सेंटर, तिथेच बाहेर बागेत डबा खा, मग दुपारचा शो असं ठेवा. सायन्स सेंटरमध्ये सगळं हात लावून खेळायचं असतं त्यामुळे धाकटा तिथे रमतो, तारांगणात रमेलच असं नाही. त्याला आत घेतात का ते फोनवर आधी विचारा, दारात गेल्यावर वाद नको.
मराठी शो असतो. वेळा बदलतात म्हणून इथे लिहीत नाही. सोमवारी तारांगण बंद. बसायला मागच्या रांगा घ्या, पुढे बसलात तर सासूबाईंची मान धरेल.
आम्ही लहानपणी जायचो तेव्हा घुमटाखाली मधोमध झाइस कंपनीचा तो काळा दोन डोक्यांचा प्रोजेक्टर असायचा, एखादा अजस्र मुंगळा उभा राहिल्यासारखा, शोपेक्षा आम्ही त्यालाच बघत बसायचो. तारांगण सुरू झालं 1977 ला, तो प्रोजेक्टर 2003 मध्ये गेला आणि डिजिटल आला. आता चित्र घुमटभर धावतं, मजा येते, पण जुन्या प्रोजेक्टरचे तारे जास्त टोकदार दिसायचे असं माझं आपलं मत.

व्याध
दुर्बिणीचं उत्तर मी देतो. तारांगणात शो असतात दिवसा, आणि आपण बघतो ते घुमटावरचं आकाश. ग्रहण वगैरे काही खास असेल तेव्हा दुर्बिणी लावतात, पण रोज शो संपला की चला गच्चीवर असं नाही. त्यामुळे शनीसाठी वेगळी संध्याकाळ काढावी लागेल.
आता शनी. लेकीला आधीच सांगून ठेवा की कडी या वर्षी पुस्तकातल्यासारखी दिसणार नाहीत, नाहीतर दुर्बिणीपाशी रडारड होईल. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्या फेरीत दोनदा, म्हणजे साधारण पंधरा वर्षांनी एकदा, कडी आपल्याकडे बरोबर कड करून येतात. हे यंदा 23 मार्चला झालं. कडी लाखो किलोमीटर रुंद पण जाडीला अगदीच किरकोळ, त्यामुळे कडेने बघितली की नाहीशीच होतात. डिसेंबरमध्येही तिरपेपणा एखादा अंशच आहे, म्हणजे शनीच्या गोळ्यातून आरपार गेलेली एक बारीक रेघ दिसेल. गॅलिलिओला पण हेच झालं होतं, 1610 मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं दिसलं आणि 1612 मध्ये बघतो तर गायब, बिचाऱ्याला कारण कळेना. ही गोष्ट लेकीला सांगा, रेघ बघण्यातच मजा वाटेल. भरघोस कडी बघायला 2032 च्या आसपास परत या :)
तारखेचं म्हणाल तर दोन शनिवार आहेत आणि दोन्ही वेगळ्या कामाचे. 20 तारखेला अमावस्या आहे, म्हणजे पूर्ण अंधार, कृत्तिका, मृग, देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) बघायला तो दिवस. 27 तारखेला अष्टमीचा अर्धा चंद्र आहे, शनीही त्याच्या आसपासच असेल. दुर्बिणीतून चंद्र बघायचा तो अर्धाच, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे खोल दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो आणि डोळे दिपतात ते वेगळंच. लहान मुलांसाठी मी 27 म्हणेन. चंद्र आणि शनी शहरातल्या गच्चीवरून पण दिसतात, कुणाकडे बरी दुर्बीण असेल तर डोंबिवलीतच काम होईल. गुरू साडेआठ-नऊनंतर पूर्वेला पुनर्वसूपाशी नीट वर आलेला असेल, त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसतात आणि लेकीला कड्यांपेक्षा तेच जास्त आवडतील बघा. शुक्र आणि मंगळ सध्या सूर्यापलीकडे आहेत, ते विसरा.
अंधाराचं आकाश हवं असेल तर वांगणी. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे कित्येक वर्षं होतात, पावसाळा संपला की सीझन सुरू. तुम्हाला तर डोंबिवलीहून कर्जत लोकलने सरळ जाता येतं. अमावस्येच्या जवळचा शनिवार बहुतेक ठरलेला असतो, पण नावं आधी द्यावी लागतात.

सरळसोट
मी म्हणतो तारांगणावर खर्च करायचाच कशाला, चौघांची तिकिटं, प्रवास, खाणं, आणि शेवटी एसीत बसून पिक्चरच बघायचा ना? तसले व्हिडिओ घरी टीव्हीवर ढिगाने आहेत. सरळ वांगणीला न्या नाहीतर गावी अंगणात चटई टाका. आमच्या गावी मे महिन्यात विंचू उगवला की आजोबा बोट दाखवून सांगायचे, झालं शिक्षण.

व्याध
@सरळसोट, आजोबा ज्यांना आहेत त्यांचं ठीक आहे हो. डोंबिवलीच्या पोरीने आयुष्यात एका वेळी वीस-पंचवीस तारे पाहिलेत फार तर. तिला एकदम वांगणीला अमावस्येच्या रात्री उभं केलं तर इतके तारे दिसतात की कुठला काय तेच कळत नाही, मोठ्या माणसांचं पण तेच होतं, मी दरवेळी बघतो. घुमटाखाली अख्खी रात्र दोन मिनिटांत फिरवून दाखवता येते, सगळं सरकतंय आणि ध्रुव तेवढा जागेवर, हे खऱ्या आकाशात कळायला रात्रभर जागावं लागतं. उत्तर ध्रुवावरून आकाश कसं दिसेल, दक्षिण गोलार्धातून कसं, हे तर अंगणातून बघायचा प्रश्नच नाही. टीव्हीवर पण ते होत नाही कारण टीव्ही समोर असतो, आकाश डोक्यावर. म्हणून आधी तारांगण आणि मग चार-आठ दिवसांत खरं आकाश, हाच क्रम ठेवा. उलट केलंत तर तारांगण फिकं वाटतं हे मात्र तुमचं खरं.

पेठेतला
मुंबईचं कौतुक चाललंय तर नोंद असावी म्हणून, पुण्यात टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं कुसुमबाई मोतीचंद तारांगण 1954 चं आहे, वरळीच्या आधी 23 वर्षं. छोटंसं आहे, जुन्या पद्धतीचं. आणि ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, हौशी लोकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर त्यांचं आकाशदर्शन कधी आहे ते विचारून या.
आणि फेब्रुवारीची 28 तारीख मोकळी ठेवा, विज्ञान दिन. त्या सुमाराला पुण्यातली आयुका ही खगोल संशोधन संस्था लोकांसाठी खुली असते आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन असतं. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, त्यातली एक जवळून बघितली तरी पोरगी प्लुटो विसरेल. रेडिओ दुर्बीण असल्याने डोळा लावून बघायचं काही नसतं हे आधी सांगा तिला.

पॅसिफिकपार
इथे लॉस एंजेलिसला ग्रिफिथ वेधशाळा आहे तिथे दोन्ही एकाच छपराखाली होतं, तारांगण पण आणि गच्चीवर 12 इंची झाइस दुर्बीण पण, 1935 पासून. आत जायला पैसे नाहीत, दुर्बिणीला नाहीत, फक्त तारांगणाच्या शोला तिकीट. सोमवारी बंद तिथेही, हा काय जागतिक नियम आहे का? आईबाबा आले होते तेव्हा घेऊन गेलो, दुर्बिणीची रांग एवढी की बाबा म्हणाले सिद्धिविनायक परवडला, आणि नंबर आल्यावर आईने डोळा लावून "एवढासाच?" असं विचारलं. शहराच्या दिव्यांत तारे फारसे दिसत नाहीत, ग्रह-चंद्रच दाखवतात बऱ्याचदा. तेव्हा मुंबईला नाव ठेवू नका.

ट्रायपॉड
टेलिस्कोप घेऊ नका!! 500 पट लिहिलेला तर अजिबातच नको. दुर्बिणीत बघायचं ते पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, कारण उजेड तो गोळा करतो. साधा हिशोब म्हणजे व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे जास्तीत जास्त दोन पट, म्हणजे 60 मिमीच्या खेळण्याला 120 पट झाली की पुढे नुसतं धुकं. वर त्याचा स्टँड असा लटपटतो की चंद्र सापडेपर्यंत मूल झोपतं. त्याऐवजी 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या (पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास मिमीत). चंद्राची विवरं, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग), गुरूचे चंद्र (कोपर भिंतीला टेकवून) सगळं दिसतं, आणि मुलीची आवड ओसरली तर ट्रिपला पक्षी बघायला उपयोगी पडते. शनीची रेघ तिच्यातून दिसणार नाही, त्यासाठी संस्थेच्या मोठ्या दुर्बिणीपाशीच जावं लागेल.
तेजोमेघ फोटोत गुलाबी-जांभळा असतो, डोळ्याला राखाडी पुसट डाग दिसतो, हे पण आधीच सांगा. फोटोत कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवतो, डोळ्याला ते जमत नाही.

डोंबिवलीकरीण
अरे बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. टेलिस्कोप कार्टमधून काढला. आता असं ठरतंय की नाताळच्या आधी एका दिवशी सायन्स सेंटर आणि तारांगण, धाकट्याला नाही घेतलं तर नवरा त्याला घेऊन सायन्स सेंटरमध्येच थांबेल (तो खूश आहे, कारण नंतर डुलकी काढता येईल). 27 ला अर्धा चंद्र, शनी आणि गुरू, ओळखीतल्या एकाकडे 6 इंची दुर्बीण आहे असं आत्ताच कळलं, त्यांच्या गच्चीवर. वांगणीला लेक आणि मी दोघीच जाऊ, 20 चं जमलं तर उत्तमच नाहीतर जानेवारीतली अमावस्या. रात्रभर म्हणजे नक्की काय काय न्यायचं? आणि बायका-मुलींची सोय असते का?

व्याध
बायका, मुलं, आजी-आजोबा सगळे येतात, काळजी नको. बाथरूमची सोय जागेवर असते पण कशी ते नाव देतानाच विचारा. चटई आणि जाड चादर, कानटोपी (वांगणीला पहाटे चांगलाच गारठा पडतो, मुंबईच्या हिशोबाने जाऊ नका), मच्छरांचं क्रीम, खाऊ. टॉर्चला लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकाने मोबाईल चमकवला की सगळ्यांची परत शून्यापासून सुरुवात, मग शिव्या बसतात, सभ्य भाषेत. दुपारी लेकीला झोपवून आणा, पहाटे सप्तर्षी वर येईपर्यंत टिकली पाहिजे.

चिंचपोकळीचा
आणि नाताळच्या आठवड्यात तारांगणाला शाळांच्या सहली असतात, तेव्हा शोच्या बरंच आधी पोचा. मराठी शोची तिकिटं संपली तर हिंदीला बसा, सासूबाईंना विचारून.